धडधाकट माणसाचं रक्त

कुलदीप,

मंगळवारी मी घरी विसरलेला डबा तू नांदगाववरून अमरावतीले माह्या लॅबमध्ये आणून देला. पेशंटच्या रक्तासंगं ताडून पाहाले एका धडधाकट माणसाचं रक्त लागते. तू हासतच बाही वर केली.

आमच्या मशीनमधून एकेक पेशी जाते. चांगल्या पेशीतलं प्रोटीन हुकूम भेटल्याबिगर जागं होत नाही. पेशंटचं झोपूनच होतं. तुह्यं मात्र आपसूक जागं होतं, अन् असं रक्ताच्या आजारात होते. नळ्यांची अदलाबदल झाली असंन म्हणून मी लेबलं परत परत पाह्यली. नव्हती झाली.

डॉक्टर म्हणतात, भावाचं रक्त परत घेऊन तपासल्याबिगर घरी बोलू नको. म्हणून हे पत्र तुले देणार नाही.

मंगळवारी डबा खरंच विसरली होती. उद्या मुद्दाम विसरीन.

तुही ताई,
प्रणाली