पुस्तकावर उभी असलेली बाई

२ जून २०२५, सोमवार

नव्या शाळेतला पहिला दिवस. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर. बाहेर भट्टी, आत एसी इतका गार की पदर अंगभर घ्यावा लागतो. साडेचार हजार पुस्तकं. त्यातल्या सहाशेंच्या मागच्या कव्हरवर क्यूआर कोडचा स्टिकर. टॅब त्यावर धरला की पडद्यावर, त्या पुस्तकावरच, वीतभर उंचीचं माणूस उभं राहतं आणि त्या पुस्तकाबद्दल बोलायला लागतं. मुलं, शिक्षक, काही पालक — सगळ्यांचं रेकॉर्डिंग माझ्या आधीच्या ग्रंथपाल त्रिपुरसुंदरी मॅडमनी केलेलं. त्या एप्रिलअखेर निवृत्त होऊन कोइम्बतूरला लेकीकडे गेल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला, दिनानाथला, सांगितलं. त्याच्या शोळिंगनल्लूरच्या आयटी ऑफिसात असलं सगळं रोजचंच. म्हणाला, महिनाभरात कंटाळशील. पण मला पहिल्याच दिवशी कसंतरी झालं. त्या माणसांना पाय धड नाहीत — घोट्याखाली सगळं पुसट.

१० जून, मंगळवार

तमिळ काही येत नाही. "उक्कार" आणि "पोदुम" — बस, पुरे — एवढ्यावर वर्ग सांभाळतेय.

१७ जून, मंगळवार

सहावीतली एक मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत येते. खिडकीजवळचं टेबल, झाडांवरचं तेच एक पुस्तक. ते पालथं ठेवते, टॅब स्टँडला लावते आणि बोलत बसते. हळू आवाजात. मध्येच थांबते, मान हलवते, पुन्हा बोलते.

तिच्याच वर्गातली दोघं आज माझ्याकडे आली. इंग्रजीत म्हणाली, मिस, ती बाई हिला उत्तरं देते. आम्हाला देत नाही.

कपाटामागे जाऊन ऐकलं. तमिळ नव्हतं. मराठी! जुनं, तमिळ हेल असलेलं, पण मराठीच.

१८ जून, बुधवार

वर्गशिक्षिका कीर्तना मिसना विचारलं. मुलीचं नाव हरिप्रिया. तंजावरकडचं मराठी घर, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. ती पुस्तकावरची बाई म्हणजे तिची आई, महालक्ष्मी. एप्रिलमध्ये गेली. आजार कळला आणि अठरा दिवसांत संपलं. रेकॉर्डिंग जानेवारीतलं, तेव्हा चांगली हिंडती-फिरती होती. शाळेत मराठी कुणालाच कळत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, ती झाडांची गोष्ट सांगतेय.

२० जून, शुक्रवार

मुलं घरी गेल्यावर मी ते पुस्तक काढून स्कॅन केलं.

निळी सुती साडी, मनगटावर घड्याळ. कडा किंचित थरथरतात. बघते ती समोर नाही — थोडं डावीकडे, थोडं खाली. शेजारी लहान उंचीचं कुणी बसलं असावं तसं. झाडांबद्दल दोन वाक्यं बोलली. मग लेकीला लाडानं हाक मारावी तसं म्हणाली, "जेवलीस की, कण्णम्मा?"

आणि थांबली. आठ-दहा सेकंद. मग, "शहाणी."

"आज वर्गात काय झालं?" पुन्हा थांबली. या वेळी मिनिटभर तरी. नुसती ऐकत होती. मध्ये भुवया जवळ आल्या, मग सैल झाल्या. "अस्सं. असू दे. उद्या नीट होईल."

ही गोष्ट नाही. धडधाकट बाई रिकाम्या जागेकडे बघून बोलतेय आणि रिकाम्या जागेचं ऐकतेय. जानेवारीत! तेव्हा तर कुणाला काही माहीतच नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे — तिनं "जेवलीस की" विचारलं तेव्हा मी "हो" म्हणाले. मोठ्यानं. ते तिनं "शहाणी" म्हटल्यावर लक्षात आलं. टॅब बंद केला. जिना उतरताना मागे वळून बघायचं टाळलं.

२६ जून, गुरुवार

आज हरिप्रियाच्या पाठीमागे चार मुलं उभी होती. कुणीही हसत नव्हतं.

३० जून, सोमवार

हरिप्रियाचे वडील आले. गिरीधर. इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा, ऑफिसला जाता जाता थांबलेले. मी मराठी बोलते हे ऐकून क्षणभर गोंधळले, मग खुर्चीवर बसले. ते रेकॉर्डिंग काढून टाका म्हणाले. मी कारण विचारलं.

"घरी एक शब्द बोलत नाही. शाळा उघडल्यापासून काही विचारलं की म्हणते, अम्माला सांगून झालं."

घरातलं हे मौन दोन महिन्यांचं, म्हणाले. ताट पुढे ठेवलं तर जेवते, दिवा घालवला तर झोपते. त्यांनी स्वतः ते रेकॉर्डिंग कधी पाहिलेलं नाही. काढण्याआधी एकदा बघता का, असं विचारलं. मान हलवून नको म्हणाले आणि डब्याची कडी उगाच उघडत-लावत राहिले.

प्रिन्सिपॉलनी लेखी अर्ज घेतला. वडिलांची इच्छा आहे, काढा म्हणाले.

३ जुलै, गुरुवार

सकाळी काढलं. कायमचं काढायचं का, असं पडद्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो केलं.

सुट्टीत ती आली. पुस्तक पालथं, टॅब स्टँडला. काही उभं राहिलं नाही. तिनं पुन्हा केलं, पुस्तक जरा फिरवून पुन्हा. मग हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या कव्हरकडे बघत सगळी सुट्टी बसून राहिली. शेवटी मला राहवलं नाही. जवळ जाऊन मराठीत सांगितलं की बाबांनी सांगितलं म्हणून काढलं. तिच्याशी मराठीत मी आजवर कधीच बोलले नव्हते.

तिनं वर पाहिलं. रडली नाही. "म्हणजे मी काय बोलत होते ते तुम्हाला सगळं कळत होतं?"

मी हो म्हटलं. तिनं पुस्तक बरोबर त्याच्या जागी ठेवलं आणि गेली.

दिवसभर स्वतःचीच लाज वाटतेय.

७ जुलै, सोमवार

गिरीधरांचा फोन! काल दुपारी जेवताना ती त्यांच्यावर ओरडली. ताट ढकललं, रडली. आणि मग बोलायलाच लागली — वर्गातलं, व्हॅनमधलं, दोन-अडीच महिन्यांचं सगळं. बोलून बोलून त्यांच्याच मांडीवर झोपली. पाय बधिर झाला तरी मी उठलो नाही, म्हणाले. 

बरोबर केलं आपण. महिन्याभरात आज पहिल्यांदा त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून डबा खाल्ला.

८ जुलै, मंगळवार

नोंदवहीत स्टिकरांचे काही क्रमांक जुळत नव्हते, म्हणून त्रिपुरसुंदरी मॅडमना फोन केला. बोलता बोलता सांगितलं की महालक्ष्मीचं रेकॉर्डिंग काढून टाकलं.

त्या मग म्हणाल्या, "कुठलं?"

डॉक्टरांनी तिला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. घरी तिनं एप्रिलपर्यंत कळू दिलं नाही. जानेवारीत चार शनिवार एकटी शाळेत आली. मॅडमना मराठी कळत नाही, काय बोलतेय ते तिनंही समजावलं नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी एवढंच सांगितलं, की मी गप्प बसेन त्या जागा कापू नका. मनगटावरच्या घड्याळात बघून गप्प बसायची आणि मोजून पुन्हा बोलायची. एक सहावीचं, एक सातवीचं — असं बारावीपर्यंत. दर जूनला त्या त्या वर्षाचं पुस्तक मुलीच्या हातात द्यायचं, असं ठरलं होतं. सहावीचं मॅडमनी जायच्या आधी दिलं होतं. बाकीची सहा मोठ्या वर्गांच्या कपाटांत आहेत. पुढच्या जूनला मी तुम्हाला फोन करणारच होते, म्हणाल्या.

म्हणजे त्या सहा पुस्तकांवरही ती उभी आहे. रोज मी त्या कपाटांसमोरून जाते.

९ जुलै, बुधवार

गिरीधरांना फोन करून सगळं सांगितलं — नोव्हेंबर, चार शनिवार, कपाटांतली सहा पुस्तकं.  मग त्यांनी विचारलं, "त्यात माझ्यासाठी एखादं आहे का?"