तुमचा रोवणा झाला का

मोहाडी
ता. १६ जुलै २००३

ती. स्वातीताईले तिच्या दहावी नापास चुलत बहिणीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुयं पत्र भेटलं. हे पत्र मी उषाबाईच्या अंगणवाडीच्या पत्त्यावरच टाकून राहिली, म्हणजे तुया सासऱ्याच्या हाती लागाचं नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करा म्हून साठ बायांनी सह्या-अंगठे देल्ले, दुकान हाये तुया सासऱ्याच्याच खोलीत, अन् कागदावर पहिली सही तुयी. वाचून माया हातचा धोटा मागावरून खाली पडला. बाबूजीनं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं मुंगी चावली.

तू विचारलं का कागद तहसिलीत न्यायले पवनीहून जे बाई येणार हाये, ते तू कधी पाह्यलीच नाही, तर वळखाची कशी. ताई, या कामात मी पक्की हाओ. शाळेत आमची टोळी होती. कोणी म्हटलं का आज डब्यात कारलं हाये, का समजाचं, मधल्या सुट्टीत पळाचं. तीन वर्षं बाईले पत्ता लागला नाही. उलट बिचारी मले आपल्या डब्यातली भाजी देत जाय.

तर अशी खूण ठेव. बाजारात ते बाई तुले विचारन, तुमचा रोवणा झाला का. तू म्हण, झाला, दोन बांध्या राहिल्या. ते म्हणन, आमचाबी तसाच. मंग कागद दे. आयकणाऱ्याले वाटन, बाया धानाच्या लावणीचं बोलून राहिल्या. उषाबाईले सांग, तिकडं निरोप धाडाले.

लोभ कमी करू नको, घरी तो मले मापूनच भेटते.
तुयी, दामिनी


कोंढा
ता. २४ जुलै २००३

चि. दामिनीस आशीर्वाद. इकडं खुशाली नाही.

मागावर बसून तुले शेती काय समजन? या दिवसात इथं माणूस माणसाले दुसरं काही विचारतच नाही. बाजारात पावभर मिरच्या घेईपर्यंत सात बायांनी मले रोवण्याचं विचारलं. पण पहिली आली तवा मले वाटलं हेच ते. मी म्हटलं दोन बांध्या राहिल्या, ते म्हणली आमचाबी तसाच. पिशवीतून कागद काढून तिच्या हातात देल्ला. तिनं घडी करून कमरेले खोसला अन् गर्दीत गेली. घडीभरानं पवनीची चंद्रकांताबाई आली, तेच बोलली अन् हात पुढं करून उभी राहिली.

ते पहिली कोण, कोणत्या गावची, काही माहीत नाही. निळं लुगडं होतं येवढंच ध्यानात हाये. परवा जेवता-जेवता मामाजी म्हणत होते का या घरची कोणी त्या बायायच्या नादी लागली, तर तिची पेटी ते सोता एसटीत ठेवून देतीन. तुये भाऊजी वरठीले कामावर, पंधरा दिवसांनी येतात. बोलू कोणापाशी? दारात कोणी खाकरलं का माया हातची भाकर जळते. उषाबाई तीन गावं फिरून आली. निळ्या लुगड्याच्या बाया चिक्कार हायेत, कागद कोणापाशीच नाही.

तुयावर लोभ हाये, पण आज रागच जास्त हाये.
स्वाती


मोहाडी
ता. २८ जुलै २००३

ती. ताईले नमस्कार. काय तोंडानं लिहू?

दोन दिस झाले, घास गिळून नाही राहिला. आईले वाटते मले ताप हाये, तिनं काढा पाजला, अन् मी गुमान पिला. आजवर माया खोड्यायनं कोणाची चप्पल गेली, कोणाचा डबा गेला. घर कोणाचं नव्हतं गेलं.

एक आयक. कागद मामाजीच्या हाती लागलाच तर सांग का तुयी सही दामिनीनं मस्करीत ठोकली. मी येऊन त्यायच्या समोर तशीच सही करून दाखवीन, तुया वळणाची मले येते. मायं नाव आधीच येवढं खराब हाये का अजून थोडं झालं तर कोणाच्या ध्यानातबी येणार नाही. पण तू पेटी घेऊन एसटीत बसू नको.

माया काळजीपोटी दोन ओळी तरी टाक.
दामिनी


कोंढा
ता. ३ ऑगस्ट २००३

चि. दामिनीस आशीर्वाद. काढा बंद कर, कागद सापडला.

परवा सकाळी निळं लुगडं आमच्याच दारात येऊन उभं राहिलं, मागं बारा बाया. ते निर्मलाबाई, रोवणेकरणींच्या टोळीची मुकादमीण. बाजारात ते काम शोधत फिरत होती. दोन बांध्या राहिल्या म्हणून मी तिच्या हातात कागद देल्ला, तर तिले वाटलं कामाची चिठ्ठीच हाये. बांगडीवाल्याले विचारून घर काढलं, हातचं काम उरकलं अन् आली. टोळीत वाचता कोणालेच येत नाही. तिनं कागद सरळ मामाजीच्या हातात देल्ला.

मामाजीचा चष्मा दुरुस्तीले गेला हाये. त्यायनं कागद माया पुढं केला अन् म्हणाले का सूनबाई, वाच.

मायं नाव मी गिळलं अन् रोवण्याच्या बायायची यादी म्हणून वाचत सुटली. वाचता-वाचता ताराबाईचं नाव निघून गेलं, गुरुजीची बायको, जिनं जन्मात चिखलात पाय नाही ठेवला. मामाजी म्हणाले का गुरुजीचे दिवस फिरले वाटते. पण सासूबाई मायाकडं पाहत राहिल्या. मंग उठल्या, काजळाच्या डबीत अंगठा घातला अन् म्हणाल्या का मायंबी नाव लाव, मी काय घरी बसून राहू? मामाजी हासले, म्हणाले या वयात वाकणं होईन का. सासूबाईनं त्यायच्या समोर अंगठा ठोकला अन् कागद आपल्या कमरेले खोसला. शेतातल्या दोन बांध्या खरंच लावाच्या राहिल्या होत्या, म्हून मामाजीनं टोळीले कामावर धाडलं.

माया जीव अजून ठिकाणावर नाही. आज ना उद्या या कागदावरून गावात दारूबंदीचं मतदान होईन, तवा मामाजीले समजनच. पेटी मी भरून नाही ठेवली, पण कुलूप कुठं हाये ते पाहून ठेवलं.

त्या दिवशी आमी सासू-सुनाबी टोळीसंगं रोवण्याले गेलो, दुपारी बांधावर शिदोरी सुटली. सासूबाईनं कमरेचा कागद काढून माया मांडीवर ठेवला, म्हणाल्या, आता यात जे लिहिलं हाये ते वाच. मी दबक्या आवाजात वाचलं, पहिल्या नावापासून. त्या घास चावत आयकत होत्या. संपलं तवा म्हणाल्या, पुन्हा वाच, जरा मोठ्यानं. तिकडच्या बायांले आयकू येऊन नाही राहिलं.

लोभ हाये, तो राहूच दे.
तुयी ताई, स्वाती