वीजबिलावरची मुलगी

बाई, यंदा माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगायची आहे. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितली तर मुलगा म्हणतो, "आई, नियमाप्रमाणे केलंस ना? मग झालं तर." शाळेत सांगितली तर सगळे माना डोलावतात, आणि मुख्याध्यापिकेसमोर डोलावलेल्या मानेला काय किंमत असते ते मला आता चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज रविवारी दुपारी शाळेचं ऑफिस उघडून एकटीच हे लिहायला बसले आहे. तुमच्या शाळेतली, गोव्यातल्या चोपड्याची ती सुकडी पोर आता डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे, हे तुम्हाला कळवायचंच राहिलं. कळवलं असतं तर तुम्ही हसला असतात. "तू? आणि खुर्चीवर बसून राहतेस?" असं म्हणाला असतात. बसते बाई. गुडघे दुखतात, आणि कागद इतके येतात की बसल्याशिवाय ते संपत नाहीत. बसूनही संपत नाहीत म्हणा.

तुम्ही मे महिन्यात वाड्यावाड्यांतून पोरं मोजत हिंडायचात, आणि वही धरायला मला न्यायचात. नदीकाठच्या त्या वाटेवर पाय भाजायचे. तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर धरायचात आणि स्वतः डोक्यावरून पदर घेऊन चालायचात. मला वाटायचं, तुम्ही ओसरीवर बसून रीतसर विचाराल, पोरं किती, वय काय. पण तुम्ही पुढच्या दारी कधी थांबलाच नाहीत. घराला वळसा घालून सरळ मागीलदारी. "पाणी दी गे बाय," म्हणायचं, बावीच्या कठड्याला टेकायचं, आणि पाणी पिता पिता दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायचे. बाप पुढच्या दारातून ओरडून सांगायचा दोन पोरं, आणि दोरीवर तिसऱ्या मापाचा एक झगा निघायचा. मग तुम्ही त्या झग्याची मालकीण कोण म्हणून विचारायचात, आणि चुलीपाशी भांडी घासणारी एखादी पोर बाहेर यायची. तिचं नाव मी वहीत लिहायचे. अशी किती नावं मी लिहिली असतील!

एकदा आपण खाडीकाठच्या एका झोपडीपाशी गेलो. माणसं रापणीच्या कामाला, मासळीची जाळी ओढायला, मालवणाकडून आलेली. मला लवकर घरी जायचं होतं, म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, हीं हांगचीं न्हय. ह्यांची चवथ तिकडे." आपल्याकडे माणूस कुठला हे असंच ठरतं ना? नोकरी कुठे का असेना, चवथीला त्याचा गणपती ज्या घरात बसतो ते त्याचं घर. तुम्ही तिथल्या तिथे थांबलात. एवढ्या मोठ्याने बोललात की झोपडीतली बाई बाहेर आली. "चवथ खंय ती भटान विचारची! पोर राती खंय निजता तां तू बघ, आनी नाव लिही!" मी रडले. सगळी वाट रडले. तुम्ही मला समजावलंही नाहीत. तुमच्या घरी नेलंत, स्वैंपाकघरातल्या जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, पाटावर बसवलंत, आणि पाववाल्या पोदेराने सकाळी दिलेला उंडो मोडून चहाबरोबर पुढ्यात ठेवलात. मी खाल्ला. तुम्ही तोवर पेज गाळत होता, आणि माझ्याकडे पाठ होती. तुमचा राग मला तेव्हा फार अन्यायाचा वाटला होता.

आता पोरं शोधायला हिंडावं लागत नाही. पोरंच जागा शोधत येतात, निदान आमच्या शाळेत तरी. पाचवीचा वर्ग भरला की भरला, वर एकही घेता येत नाही. आणि खोटेपणा होतो बाई, होत नाही असं नाही. पुढे कॉलेजला, सरकारी नोकरीला गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, म्हणून हद्दीपलीकडची काही माणसं पाचवीपासूनच तयारीला लागतात. राहायचं तिकडे, पत्ता इकडचा. एका वर्षी एकाच घराच्या वीजबिलावर चार मुलं निघाली. मी बघायला गेले, तर त्या घरात एक म्हातारी आणि एक मांजर. म्हातारी म्हणाली, "मगेली चार नातरां? देव तुजें बरें करूं, खंय आसात तीं?" मी तेव्हा हसले होते. मग असल्या गोष्टींचं हसू येईनासं झालं. आता नुसता कंटाळा येतो, आणि कंटाळलेल्या माणसाला सगळेच लबाड दिसायला लागतात.

यंदा गावातल्या एका बापाने तक्रार केली. त्याच्या मुलाला पाचवीत जागा मिळाली नव्हती. त्याने लिहिलं की एक मुलगी पलीकडची आहे, पत्ता खोटा आहे, तिला काढा आणि आमच्या मुलाला घ्या. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मला कागद आला: चौकशी करून आठ दिवसांत अहवाल द्यावा. मुलीचा बाप खाणीवरच्या मालाचा ट्रक चालवतो, मूळ हद्दीपलीकडच्या दोडामार्गकडचा. प्रवेश अर्जाला मुळगावातल्या एका घराचं वीजबिल जोडलेलं. मी स्कूटर काढली आणि त्या घरी गेले. पुढच्या दारीच उभी राहिले. घरमालक बाहेर आला, बिल बघून चक्रावला. "हांगा आमी घो-बायल सोडून कोण राबना, बाय. हें बील तांकां कोणें दिलें?" झालं. नवरा-बायकोशिवाय तिथे कोणी राहत नाही, एवढं मला पुरलं; पाणी प्यायलाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला ऑफिसात बोलावलं. दोन वेण्या, सुळ्याचा एक दात अर्धा आलेला. विचारलं, कुठे राहतेस? तिने छातीशी हात बांधले आणि घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका असं सगळं एका दमात म्हणून टाकलं, पाढा म्हणावा तसं. घरून घोकून घेतलेलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग मी लाडाने विचारलं, "आणि बाळा, तुमची चवथ कुठे असते?" बाई, तिचा चेहरा असा खुलला! "गावाक! दोडामार्गाक!" मग काय सांगू आणि काय नको असं तिला झालं. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला बाबा रानातून कुठली कुठली फळं-पानं आणतात, काकी नेवऱ्या किती पातळ लाटते, आरतीला घुमट कोण वाजवतं. ती सांगत होती आणि मी लिहीत होते. तिला वाटलं, बाईंना आपल्या चवथीचं कौतुक आहे. जाताना म्हणाली, "बाई, तुमी पण येवा."

अहवालात मी दोन वाक्यं लिहिली. दिलेल्या पत्त्यावर विद्यार्थिनी राहत नाही. कुटुंबाचे मूळ घर दोडामार्ग तालुक्यात आहे. दोन्ही वाक्यं खरी. आणि त्यातून जो अर्थ निघतो तो साफ खोटा. मला सांगा, माझी स्वतःची चवथ कुठे असते? चोपड्याला, आमच्या मूळ घरी. लग्न होऊन, नोकरी लागून उभा जन्म मी डिचोलीत काढला, तरी आमचे हे चोपड्याचेच, म्हणून गणपती तिथेच. त्या हिशेबाने मीही इथली नव्हे. पण मला कोण विचारणार? खुर्चीवर मी होते.

प्रवेश रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा मुलीची आई आली. ऑफिसच्या आत येईना, दारातच उभी. "बाईनू, आमी हयसरच रवतंव. मुळगावातच. ह्या बिलाच्या घरात नाय, तां आमचा चुकला. पण गावातच रवतंव. चला, मी दाखयतंय." मी म्हटलं, मग राहता त्याच घराचा कागद का नाही आणलात? तर म्हणे, खोलीचा मालक कागद देत नाही. लिहून दिलं तर उद्या मुंडकार म्हणून हक्क सांगतील, मग कधी उठणार नाहीत, याची त्याला धास्ती. म्हणून नवऱ्याने बरोबरच्या ड्रायव्हरकडून कुठल्यातरी ओळखीच्या घरचं बिल आणलं. खऱ्या राहण्याला खोटा कागद. बाई, मला त्या क्षणी पटलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून कोणालाही पटलं असतं. पण अहवाल गेला होता, खाली माझी सही होती, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. आपणच आपला अहवाल चुकीचा म्हणायचा, मग वर खुलासे द्यायचे, तक्रार करणारा बाप पुन्हा दारात. मी म्हटलं, "कागद आणा, मग बघू." ती म्हणाली, "चार पावलां चललात तरी तुमकां दिसात ओ." मी घड्याळाकडे बघितलं. खरंच बघितलं बाई, मला कुठेही जायचं नव्हतं. तिने शाळा सोडल्याचा दाखला घेतला, घडी घातली आणि गेली.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी मुळगावच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरची क्लच वायर तुटली. ढकलत गॅरेजपर्यंत नेली. वायर घालायला वेळ लागणार होता, तहान लागली होती. मेकॅनिक म्हणाला, "फाटल्यान वचात, थंय बाय आसा, उदक दितली." गॅरेजच्या मागे वळले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत चूल. दोरीवर आमच्या शाळेचा युनिफॉर्म. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, लहान मापाचा. मी तिथेच उभी राहिले. दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा होत्या, पोरगी किती वाढली ते मापलेल्या, खालपासून वरपर्यंत. वर्षांवर वर्षं. आमच्या शाळेची घंटा तिथे ऐकू येते, इतकं ते जवळ आहे. भांडी घासत होती ती उठली. तीच आई. तिने हात धुतले आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मुलगी कुठेय? म्हणाली, गावी, आजीकडे ठेवली. तिकडच्या शाळेत घातली. "रोज फोन करता नि रडता. आजयेक दिसना नाय, अभ्यास कोण घेतला? बाबा शनवारचे जातंत, तितक्याच काय ता." मी युनिफॉर्मकडे बघत होते ते तिने पाहिलं. "धुवन ठेवलंय. कोणाच्या तरी चेडवाक होयत." मी घाईघाईने म्हटलं, मी दुसरा अहवाल लिहिते. माझी चूक झाली असं लिहिते. सोमवारीच लिहिते. त्यावर ती हसली नाही, चिडलीही नाही. माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि म्हणाली, "आता खयचा काय लिवतास, बाईनू? तुमी लिवल्यात ता तवा खोटा होता. आता खरा झाला. आमचा चेडू आता हयसर नाय रवत."

परत येताना मी रस्ताभर मनात मजकूर जुळवला. सोमवारी पहिल्या तासाला लिहायला बसले. "माझ्या चौकशीत त्रुटी राहिली," एवढं लिहून झालं. मग म्हटलं, पाठवण्याआधी विचारून घ्यावं, आणि कचेरीत फोन लावला. तिथला क्लार्क भला माणूस. म्हणाला, "म्याडम, त्या जागेवर दुसऱ्या मुलाला घेतलंय, तुमच्याच पाचवीत बसतोय की. ती फाईल बंद झाली. आता कशाला उकरून काढता?" त्या जागी बसलेल्या मुलाला मी रोज बघते. गुणी आहे, त्याचा काय दोष? पण जागा नसली तरी चूक चूकच होती. वर्ग भरलेला असताना खास बाब म्हणून एक जागा मागता आली असती. निदान मागून बघता आलं असतं. क्लार्कला मी यातलं काहीच बोलले नाही. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

हे सगळं तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठे पाठवावं लागत नाही. ज्यांना पाठवायला हवं त्यांचा पत्ता माझ्यापाशी पक्का आहे. तुम्ही असतात तर त्या झोपडीसमोर ओरडलात तशा ओरडला असतात, आणि मी रडून मोकळी झाले असते. पण एक गोष्ट तुमच्यासमोरही सांगायला जड जाते. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. तो अर्धा लिहिलेला कागद मी फाडला आणि चहा मागवला. बाई, तो चहा मला गोड लागला.