रूपालीचा संकोच

१ जानेवारी
यंदा संकल्प एकच. रूपालीचा संकोच घालवायचा.
छकुली चार महिन्यांची झाली. रूपालीला तिला घेऊन नुमाइशला, म्हणजे दर जानेवारीतल्या मोठ्या प्रदर्शनाला जायचंय. नामपल्लीची नुमाइश तिनं लग्नाआधीपासून एकदाही चुकवलेली नाही. माझी काळजी एवढीच, की गर्दीत छकुलीला भूक लागली तर रूपाली अवघडेल. तसं विचारलं. ती म्हणाली, मी कशाला अवघडू? बायका अशा गोष्टी उघड बोलत नाहीत. नवऱ्यानं ओळखायच्या असतात. मी ओळखल्या.
नवरा म्हणून मी बराच पुढारलेला आहे. ऑफिसात एचआरमध्ये स्त्री-सन्मानाचं ट्रेनिंग मीच घेतो. स्लाइड्ससुद्धा माझ्याच.

३ जानेवारी
विद्यानगरच्या विहारात सावित्रीबाई जयंती. माझं भाषण. विषय ‘मातृत्व आणि मोकळेपणा’. सुरुवात जोरदार. ‘आईनं बाळाला कुठंही, कधीही, निःसंकोच’ इथवर आलो आणि छकुली रडली. रूपाली पहिल्याच रांगेत. तिनं पदर सारखा केला आणि पाजायला घेतलं. माझं पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. माइक बिघडलाय असं सांगून खाली बसलो. सेक्रेटरी मुकुंदराव म्हणाले, माइक चांगला चालतोय. त्यांना साउंडमधलं काही कळत नाही.
घरी आल्यावर रूपालीला धीर दिला. तुला आज किती कसंनुसं झालं असेल, म्हटलं. ती म्हणाली, मला काहीच नाही झालं, घाम तुम्हाला फुटला होता. जानेवारी असला म्हणून काय झालं, हॉलमध्ये पंखे लावायला हवेत.

९ जानेवारी
ऑनलाइन नर्सिंग कव्हर मागवलं होतं. आलं. गळ्यात अडकवायचं, बाळ आत. रूपालीनं माझ्या समाधानासाठी एकदा घातलं. छकुलीनं आतून लाथा झाडल्या आणि अख्खी गल्ली गोळा होईल असं रडली. प्रॉडक्टमध्ये दोष.
आईनं ते मिक्सरवर घातलं. बरोब्बर बसलं.

१८ जानेवारी
नुमाइश पुन्हा पुढे ढकलली. मागच्या रविवारी मला खोकला होता. आज संक्रांतीच्या सुट्टीची गर्दी असणार.
रूपाली रडली. बाळंतपणापासून मी दवाखाना आणि विहार सोडून काही बघितलं नाही, म्हणाली. मला माणसं बघायचीत, बांगड्या घ्यायच्यात, मिरची भजी खायचीत, या चार भिंतींत डोकं भणभणतंय. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण घाई करून तिला अवघड परिस्थितीत टाकणं बरोबर नाही.
आईला विचारलं, तुझ्या वेळी कसं करायचीस? ती म्हणाली, कसं म्हंजे? तू तर नामपल्ली स्टेशनावर साऱ्या फलाटासमोर पीत होतास. तिकीट तपासणारा आला, तर तुझं होईस्तोवर बिचारा बाजूला उभा राहिला. आईच्या आठवणींवर आता फार विसंबता येत नाही.

२५ जानेवारी, रविवार
गेलो! प्लॅन तयार होता. घरची डबल बेडची चादर, निळी, प्रिंटची, इस्त्री केलेली, बॅगेत.
छकुलीला भूक लागली ती नेमकी चादरी-दुपट्ट्यांच्या गल्लीत. रूपाली बाकावर बसली. मी समोर उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी चादर उंच ताणून धरली. मान दुसरीकडे. भक्कम आडोसा.
तेवढ्यात एका बुरखेवाल्या बाईंनी चादरीचा कोपरा चिमटीत धरला आणि विचारलं, कलर जाता क्या? मी म्हटलं, बेचने की नहीं है. त्या म्हणाल्या, सब ऐसाइच बोलते, रेट बोलो. मागून आणखी दोघी आल्या. एकीला उशांचे अभ्रे हवे होते. एक तेलुगू कुटुंब भाव काय निघतो ते बघायला थांबलं. समोरचा दुकानदार मला तिथून हटायला सांगू लागला, धंदा खराब होतोय म्हणे. मग कुणीतरी उलटी बाजू बघायची म्हणून चादर ओढली.
चादर खाली. मागे रूपाली. छकुलीचं दूध पिणं चालू, आणि रूपाली हसून हसून बेजार.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंना काहीच झालं नाही. अगे, बच्ची है, म्हणाल्या आणि रूपालीच्या शेजारी बसल्या. नाव काय, दात आले का, रात्री झोपते का. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, भैया, तुम जरा हटो, बच्ची को हवा आने दो.
हटलो.
एकंदरीत रूपालीचा संकोच बराच कमी झालेला दिसतो. प्लॅन यशस्वी.

३१ जानेवारी
उद्यासाठी सुधारित प्लॅन. साधी चादर, प्रिंट नको. शिवाय मोठी छत्री.

१ फेब्रुवारी, रविवार
रूपाली तयार, आई तयार, छकुली टोपडं घालून तयार. मी छत्री घेऊन दारात.
रूपालीनं छत्री हातातून काढून घेतली. शांतपणे म्हणाली, छकुलीला भूक लागली की मी पाजते, त्यात काही अवघड नाही. पण तेव्हा तुम्हालाही सांभाळावं लागतं. दोघांना एकदम नाही जमत मला. आज तुम्ही घरी थांबा.
मी स्वतःहून थांबलो. पाण्याचा टँकर येणार होता.

संध्याकाळी
टँकर आला नाही. आईनं फोटो पाठवलाय. रूपाली बाकावर, पदराशी छकुली, शेजारी आई भजी खातेय. मागेपुढे तुडुंब गर्दी. रूपाली किती दिवसांनी अशी हसतेय.
फोटो मोठा करून एकेक चेहरा तपासला. कोणी बांगड्या बघतंय, कोणी पोराच्या मागे धावतंय, कोणी भज्यांच्या रांगेत. रूपालीकडे कोणीच बघत नाहीये.
मघापासून मीच तेवढा बघतोय.
आईचा मेसेज: तुझ्या चादरीसारखीच निळी चादर आहे इथं. आणू का?