फाटकापासून शंभर पावलं

३ फेब्रुवारी, सोमवार
हाकललं मला! पोलीस जमादार तानाजी म्हणाला, "आजोबा, दवाखान्याच्या फाटकापासून शंभर पावलं मागं व्हा. एका बाईची तक्रार हाय." कोणती बाई? सांगत नाही. रस्ता सरकारी, तोंड माझं — मग बंदी कसली? मी दगड मारला का? नुसता फलक धरतो, 'पोटातली मुलगी मारू नका', आणि बोलतो. बोलायचंही नाही आता? फलक नात दिपालीने दिवाळीला रंगवून दिलेला. काय सुरेख अक्षर पोरीचं! शंभर पावलांवरून ते कोणाला दिसणार?

४ फेब्रुवारी
भिवराबाई म्हणते, "घरात तुमचं कुनी ऐकत न्हाई, म्हणून अंबाजोगाईला वरडाय जाता व्हय?" आणि हसते! साऱ्या जन्माची बायको, तिलाही कळत नाही. पंधरा वर्षांमागे सुनेला मीच असल्या दवाखान्यात नेलं होतं. दुसरीही मुलगीच, म्हणाले. पाडली. त्या दिवशी फाटकापाशी एक जण जरी माझ्यावर ओरडला असता, तर मी मागे फिरलो असतो. कुणीच नव्हतं. म्हणून मी उभा राहतो.

दिपालीला सासरी फोन लावला — मोठ्या अक्षरांचा फलक हवा. उचलत नाही. चौथा महिना लागलाय, झोपली असेल.

५ फेब्रुवारी
पावलं मोजली. थेट राधाकिशनच्या चहाटपरीपाशी आलो. तो म्हणतो, "आबा, लई खणखणीत आवाज हाय. जरा चहाच्या नावानं वरडा की!" फाजील!

दवाखान्यातली नर्स सुनिता चहाला आली. ऐकवूनच गेली. "आबा, हितं येनारी दर बाई पोरगी मारायला येत न्हाई. गुरुवारी तोंडाला स्कार्फ बांधलेली एक आली. तुमी तिला पापीण म्हणालात. तिचं लेकरू पोटातच गेलतं. घरी जाऊन लई रडली असंल."

मी म्हणालो, सगळ्या असंच सांगतात!
फलक काखेत मारून लवकरच घरी आलो.

६ फेब्रुवारी
दिपाली अजून फोन घेत नाही.

७ फेब्रुवारी
चौकीत जाऊन बसलो. तक्रार दाखवा, नाहीतर त्या शंभर पावलांच्या नोटिशीवर सही करणार नाही! जमादार म्हणाला, "नका वाचू, आजोबा." हिसकावून घेतली.

माझं नाव कुठंच नाही. 'एक वयस्कर गृहस्थ' एवढंच.

खालच्या सहीपर्यंत गेलोच नाही. अक्षर फलकावरचंच होतं.