लायसन्स आणि पर्स

लिटल रॉक, मंगळवार

प्रिय बाबा,

मी सुखरूप पोचले. आईचा खोकला कसा आहे? वाटेत काही अडचण आली नाही असंच लिहिणार होते, पण ते खोटं ठरलं असतं.

तुम्ही बजावलं होतं की गाडीचं लायसन्स आणि पिस्तूल एका जागी ठेवू नकोस, लायसन्स काढताना पिस्तूलच काढतेस असं वाटेल. पेट्रोल भरताना मी लायसन्स पर्समध्ये टाकलं, पिस्तुलाशेजारीच. पुढे गाडीचा मागचा दिवा बंद दिसला म्हणून पोलिसाने अडवलं.

हात स्टिअरिंगवर ठेवूनच मी म्हणाले, "साहेब, माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे. पिस्तूल पर्समध्ये आहे आणि लायसन्सही तिथेच आहे."

"वा! शाळेत हेच शिकवलं का?"

"शाळेत गेलेच नाही, साहेब. बाबांनी घरी शिकवलं. त्यांनी नीटच शिकवलं होतं."

"मग आता हात हलवू नकोस, पोरी."

दार उघडून त्याने स्वतःच पर्स उचलली. त्याचा दुसरा हात कमरेच्या पिस्तुलावर होता, आणि बाबा, लायसन्स सापडेपर्यंत त्याने तो काढला नाही.

लायसन्स आता कोटाच्या खिशात आहे. धाकट्या लोरेटाला नेम धरायला शिकवाल, त्याआधी हे शिकवा.

तुमचीच, अजून घाबरलेली,
मर्ली