वाढत्या अंगाची बॅट

६ नोव्हेंबर, गुरुवार
धाकटी शाळेच्या संघात आली. सरांचा निरोप: बॅट ज्युनियर घ्या, पाच नंबरची. घ्यायची गरजच नाही. थोरल्याची सीनियर बॅट कपाटामागे आहे. मीच घेऊन दिली होती, वाढत्या अंगाची. पुढच्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष होईल. त्याच्या मॅचला जाणं मला जमलं नाही, रविवारी बाजारात तपासणी असते. पण बॅट कशी आहे विचारलं की, मस्त आहे बाबा, म्हणायचा.
आज कव्हर काढलं. कोरी करकरीत. चेंडूचा एक लाल डाग नाही. किती जपून खेळायचा!
ठराव: या विषयावर घरात चर्चा नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
माप घेतलं. बॅट पायाशी उभी केली की हँडल कमरेच्या जरा खाली यावं म्हणतात. धाकटीच्या बरगडीला लागलं. ती पोक काढून उभी राहते. बूट घालायला लावले, केस वर बांधायला लावले. फरक पडला. केसांचा तसा संबंध नाही, पण एकंदर उंच दिसली.
वजनमापे खात्यात माझी हयात गेली. मापाचं मला कुणी शिकवू नये.

९ नोव्हेंबर, रविवार
सीनियर बॅट घेऊन दुकानात गेलो, फक्त नवी ग्रिप घ्यायला. दुकानदार आगाऊ. न विचारता धाकटीच्या हातात पाच नंबरची दिली. तिने ती दोनतीनदा फिरवली आणि हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली. कारण कळलं नाही. दुकानदार म्हणाला, साहेब, ही बॅट पोरगी खेळवेल, ती तुमची मोठी बॅट पोरीला खेळवेल. मी विचारलं, तुमच्या फूटपट्टीवर खात्याचा शिक्का आहे का? नव्हता. विषय संपला.
वाटेत धाकटी एक शब्द बोलली नाही. एकाग्रता वाढते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गॅलरीत मोज्यात चेंडू घालून टांगला. धाकटी म्हणते मनगट दुखतं. मनगट कमावण्यासाठी पाण्याच्या बादल्या सुरू केल्या. सौ. ने बादली तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाली, एक मोठा झाला नाही, म्हणून हिला घाईघाईने मोठी करताय का?
सौ. ला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
मॅच. बाजाराची तपासणी सहकाऱ्याच्या गळ्यात घातली.
धाकटी आत आली. मागून कुणाची तरी आई म्हणाली, अगं बाई, ही खेळायला आलीय की होडी वल्हवायला! मी दुर्लक्ष केलं. पहिला चेंडू, धाकटीने बॅट मागे उचलली आणि ती तिच्याच स्टंपवर आदळली. हिट विकेट. सगळं मैदान हसलं. त्यात तिच्याच संघातल्या मुली जास्त.
स्टंप चुकीच्या अंतरावर ठोकले होते, हे उघड आहे. खिशातला टेप काढून मोजायला गेलो. अंपायरने मला बाहेर काढलं. तेव्हा धाकटी दुसरीकडे बघत होती. अपयश पचवायला शिकते आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सर घरी आले. हातात एक जुनी पाच नंबरची बॅट. लाल डागांनी माखलेली, कडा खाल्लेल्या. म्हणाले, थोरल्याची आहे, किटच्या खोलीत ठेवायचा. सगळ्या मॅच याच बॅटने खेळला. तुमची मोठी बॅट कव्हरमध्ये आणायचा, कव्हरमध्येच परत न्यायचा. बाबांना सांगू नका सर, त्यांना वाईट वाटेल, म्हणायचा.
मी म्हणालो, सर, इतकी मुलं येतात, तुमची गल्लत होत असेल. मग हँडल पाहिलं. माझा निळ्या चौकड्यांचा रुमाल फाडून गुंडाळला होता. तो रुमाल हरवला म्हणून मी त्या वेळी सौ. ला बोललो होतो.
मी धाकटीला विचारलं, तुला माहीत होतं? ती आईकडे बघायला लागली. आई चहा ठेवायला उठली.
म्हणजे मीच एकटा.

२३ नोव्हेंबर, रविवार
मॅचला जाणार नव्हतो. मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. थोरल्याच्या त्या बॅटने धाकटी अकरा धावा, नाबाद. तिने मारलेला एक चेंडू थेट माझ्या दिशेने कुंपणावर आला. तिने तिकडे नीट पाहिलं असतं तर दिसलो असतो. चेंडू घ्यायला समोरच्या संघातली मुलगी आली. म्हणाली, काका, बाजूला व्हा.
तो असाच मारत असेल का, हे विचारायला घरात तोंड नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सीनियर बॅट परत कपाटामागे ठेवत होतो. सौ. म्हणाली, लपवताय कशाला? ती पहिल्यापासून तुमच्याच मापाची होती.
टाकून बोलायची सवयच आहे तिला. त्यात तथ्य नाही, हे सिद्ध करायचं ठरवलं. दोघी बाहेर गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो, बॅट पायाशी ठेवली. हँडल बरोबर जिथं यायला हवं तिथं आलं.
बूट काढून पाहिलं. तरी तिथंच.